वखारीतली वीस माणसं

यंदा चवथीच्या दुसऱ्या रात्रीची गोष्ट. आरत्या आटोपल्या होत्या, वाजवायची घुमटं भिंतीला टेकवून ठेवली होती आणि घरातल्या बायका पातोळ्यांची भांडी उरकून नुकत्याच आडव्या झाल्या होत्या. बाहेर पाऊस धरून होता. गणपतीच्या डोक्यावर टांगलेल्या माटोळीला बांधलेला चिबूड पिकला होता, त्याचा गोडसर वास आणि समईच्या तेलाचा वास एकमेकांत मिसळून घरभर भरला होता. मी पाणी प्यायला उठलो तर बाहेर उजेड दिसला. धाकटा चुलतभाऊ सोप्यावर पाय दुमडून, लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता. काळ्या पडद्यावर पांढरी नावं खालून वर सरकत होती आणि तो एकेक ओळ ओठ हलवत वाचत होता, लहानपणी पाढे म्हणायचा तसा. मला बघून म्हणाला, "दादा, जरा बस. तू एकदा बघ. माझ्या नजरेतून सुटलं असेल."

खेळ बनवणाऱ्यांच्या नावांची ती यादी आम्ही दोनदा पाहिली. दुसऱ्यांदा तर थांबवून थांबवून. आवाज देणाऱ्यांची नावं होती, भाषांतर करणाऱ्यांची होती, हिशेब बघणाऱ्यांची होती, खेळाचं काम चालू असताना जन्माला आलेल्या बाळांचीही होती.

त्याचं नव्हतं.

अडीच वर्षं तो पुण्यातल्या एका कंपनीत बसून परदेशातल्या एका स्ट्रॅटेजी गेमसाठी, म्हणजे गावं वसवायच्या आणि लढाया आखायच्या डावपेचांच्या व्हिडिओ गेमसाठी, घरं बांधत होता. घरं, गोठे, धक्के, वखारी, त्यांची छपरं. खेळ बाजारात यायच्या आठ महिने आधी तिकडच्या पब्लिशरने, म्हणजे खेळात पैसा घालून तो विकणाऱ्या कंपनीने, हात आखडता घेतला, इकडचं काम निम्म्यावर आलं आणि एका शुक्रवारी दुपारी त्याच्यासह अकराजणांना बोलावून सांगितलं की सोमवारपासून येऊ नका. खेळ नंतर आला. चांगला चाललाय म्हणतात. त्यात त्याची छपरं आहेत, फक्त तो नाही. काम पुरं व्हायच्या आत जे गेले त्यांची नावं गाळायची ही या धंद्यातली जुनी चाल आहे, हे त्याला ठाऊक होतं. तरी तो शोधत होता. मग त्याने ती यादी बंद केली आणि आमचा जुना खेळ उघडला, 'एज ऑफ एम्पायर्स'चा दुसरा भाग. पोर्तुगीज निवडले. बराच वेळ न बोलता खेळत राहिला. शेवटी एक 'फेयतोरिया' बांधली आणि त्या इमारतीवर बाण टेकवून म्हणाला, "ही वीस माणसांची जागा खाते, दादा. आत वीसजण राबतात असं धरायचं. दिसत मात्र एकही नाही."

ते वाक्य मला अजून सोडत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी त्याला चहाबरोबर विचारलं, "तुमची खाण कोणी बंद केली रे?" त्याच्या नोकरीचं नक्की काय झालं ते बाबांना आम्ही तीन-चारदा सांगितलं होतं. पण गोव्यातल्या आमच्या साखळी-डिचोलीच्या खाणपट्ट्यात काम थांबण्याला एकच शब्द आहे, खाण बंद. तो म्हणाला, "कोणी नाही मोठेकाका. पैसेच आटले." बाबा थोडा वेळ कपाकडे बघत राहिले. म्हणाले, "पैसे आटत नाहीत. दुसऱ्या वाटेने जातात." मी पतसंस्थेच्या कर्जविभागात सतरा वर्षं काढली, पण मंदी म्हणजे काय हे एवढ्या थोडक्यात मला कधी मांडता आलेलं नाही.

आमच्या घरात संगणक आला तो सरकारच्या सायबरएज योजनेतून, मी अकरावीत असताना. पाटाखाली घालायच्या जुन्या चादरीने आई तो झाकून ठेवायची, कारण रस्त्यावरून दिवसभर खनिजाचे ट्रक जायचे आणि संध्याकाळी पडद्यावर बोट फिरवलं की तांबडी रेघ उमटायची. की-बोर्डच्या बटणांखाली धूळ, सीपीयूच्या जाळीत धूळ, नाकपुड्यांत धूळ. म्हापशाहून कोणीतरी आणलेली, वर मार्करने नाव लिहिलेली एक सीडी होती. ती पहिल्यांदा लावली तेव्हा चुलतभाऊ सहावीत होता आणि स्टुलावर बसला तरी त्याचे पाय जमिनीला टेकत नव्हते. आपल्याला तीन माणसं, एक घोडेस्वार आणि एक गावठाण मिळायचं. लाकूड तोडा, मेंढ्या हाका, शेत घाला. पाचशे धान्य साठलं की पुढच्या युगात. मला लढाईत रस होता. त्याला नव्हता. तो तासन्‌तास गाव रचत बसायचा, गिरणीभोवती शेतं सारखी आखायचा आणि शत्रू येऊन सगळं जाळून गेला की रडायचा नाही, पुन्हा पहिल्या घरापासून सुरू करायचा.

त्या खेळात सोन्याची खाण संपते. एका ढिगात ८०० सोनं असतं, त्याहून एक कण जास्त नाही. ढीग एकेक करून नाहीसे होतात, आणि मग कुदळ खांद्यावर घेतलेली माणसं मोकळ्या जागेत नुसती उभी राहतात. पडद्याच्या कोपऱ्यात एक बटण असतं. ते दाबलं की कोण बिनकामाचं उभं आहे तिथे नजर जाते. चुलतभावाचं बोट कायम त्या बटणावर. कुठे कोणी रिकामं उभं राहिलेलं त्याला सोसायचं नाही. "सोनं संपायच्या आधी बाजार बांधायचा दादा," तो मला शिकवायचा, "मग गाड्या जा-ये करतात आणि सोनं येत राहतं." सहावीतला पोरगा. खिडकीबाहेर बाबांचा ट्रक आमोण्याच्या जेटीकडे निघालेला असायचा, वर ताडपत्री, दारावर निळ्या रंगात बाबांचं नाव आणि त्याखाली 'श्री दत्तगुरू प्रसन्न'. आमच्या गावात तेव्हा कोणी बाजार बांधायचा विचार करत नव्हतं. सगळ्यांनी आणखी एक ट्रक घेतला.

२००८ साल माझ्या लक्षात आहे ते दोन कारणांनी. दिवाळीच्या सुमाराला बाबांच्या खेपा कमी व्हायला लागल्या. चीनमध्ये पोलादाची मागणी घसरली होती, खनिजाचा भाव पडला होता. मांडवीत बार्ज नांगर टाकून उभे दिसायचे आणि पडवीतून आम्हांला पहिल्यांदाच दुपारची शांतता ऐकू आली. त्याच दिवसांत मी एका सायबर कॅफेत बसून वाचलं की आमचा खेळ बनवणारा डॅलसचा एन्सेम्बल स्टुडिओज मायक्रोसॉफ्ट बंद करणार आहे. मला आधी ते खोटंच वाटलं. ज्या स्टुडिओचे खेळ जगभर कोट्यवधींच्या संख्येने खपले त्याला कोण बंद करतं? घोषणा सप्टेंबरात झाली होती, लेहमन ब्रदर्स बुडाली त्याच महिन्यात. ती बँक बुडाली म्हणून हा स्टुडिओ बंद झाला असं मी म्हणणार नाही. असे निर्णय बरेच आधी घेतलेले असतात, मंदी फक्त ते बोलून दाखवणं सोपं करते. हातातलं शेवटचं काम, 'हेलो वॉर्स', पुरं करून द्यायला त्यांना सांगितलं होतं. म्हणजे नोकरी जाणार हे माहीत असताना रोज यायचं आणि जो खेळ विकून पैसा दुसऱ्याला मिळणार तो नीट बनवायचा. त्यांनी तो नीट बनवला. जानेवारी २००९मध्ये स्टुडिओला कुलूप लागलं. त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टने एकूण पाच हजार माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं, कंपनीच्या इतिहासात पहिल्यांदाच इतक्या मोठ्या प्रमाणात.

तेव्हा सगळे म्हणायचे की व्हिडिओ गेमच्या धंद्याला मंदी लागत नाही. माणसं बाहेर जेवायला जात नाहीत, सहलीला जात नाहीत, घरात बसून खेळतात. यात तथ्य आहे. एक स्ट्रॅटेजी गेम घेतला तर तो दोन-चार वर्षं पुरतो, तासाचा हिशेब काढला तर त्याहून स्वस्त करमणूक नाही. पण नेमका इथेच घोळ आहे आणि तो कळायला मला कर्जविभागात बसावं लागलं. जो खेळ गिऱ्हाइकाला चार वर्षं पुरतो, तो विकणाऱ्याला चार वर्षांत एकदाच पैसे देतो.

आमच्याकडे कुळागर घालणारा माणूस कर्ज मागायला येतो तेव्हा सगळ्यात जास्त खोळंबा होतो. माड लावला की पाच-सात वर्षं नुसतं पाणी आणि खत. मग तो साठ वर्षं नारळ देतो हे खरं, पण आमचा हप्ता पुढच्या महिन्यापासून सुरू होतो. भाजी लावणाऱ्याला कर्ज देणं सोपं, तीन महिन्यांत मळा उठतो. स्ट्रॅटेजी गेम हा माड आहे. तीन-चार वर्षं पन्नास-शंभर माणसं पगारावर, त्यातलं शेवटचं वर्ष तर नुसतं तोल सांभाळण्यात जातं. तिरंदाज जड झाले का, घोडेस्वार स्वस्त पडतात का, संगणकाचा शत्रू मूर्खासारखा तर वागत नाही ना. हे काम बाहेरून दिसत नाही, जाहिरातीत दाखवता येत नाही. पैसा पब्लिशर पुरवतो, टप्प्याटप्प्याने. ठरलेला टप्पा दाखवला की पुढचा हप्ता. त्या हप्त्यातून पगार होतात, आणि बहुतेक स्टुडिओंकडे दोन-चार महिन्यांपलीकडची शिल्लक नसते. खेळ विकला गेल्यावरही आधी पब्लिशरने दिलेली आगाऊ रक्कम वळती होते, स्टुडिओचा वाटा त्यानंतर. दर तीन महिन्यांनी पब्लिशरला शेअरबाजारापुढे आकडे ठेवायचे असतात. पैसा महाग झाला की तो पहिल्यांदा माडाकडे बघतो. एक-दोन हमखास नावं ठेवतो आणि मधल्या आकाराचे, अजून फळ न धरलेले खेळ कापतो. मी त्याला सरसकट दोष देत नाही. मीही अशा अर्जांवर 'तूर्त शक्य नाही' असं लिहिलेलं आहे, आणि त्यांतल्या एका माणसाचा चेहरा मला अजून आठवतो.

२०१२चा सप्टेंबर आमच्याकडे कसा आला ते गोव्यातल्या वाचकाला सांगायला नको. सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्याच महिन्यात सुप्रीम कोर्टानेही थांबवल्या. एका रात्रीत रस्ता मोकळा झाला. आईला पहिले काही दिवस झोपच लागेना, इतकं शांत. त्या वर्षी डिसेंबरात टीएचक्यू नावाच्या अमेरिकन पब्लिशरने दिवाळखोरीचा अर्ज केला. 'कंपनी ऑफ हीरोज' आणि 'डॉन ऑफ वॉर' या स्ट्रॅटेजी गेमांचं हे प्रकाशनघर. त्यांना स्ट्रॅटेजी गेमांनी बुडवलं नव्हतं. टीव्हीला जोडून चित्रं काढायची एक पाटी त्यांनी मोठ्या हौसेने बनवली आणि तिचे लाखो नग न खपता पडून राहिले. जानेवारी २०१३मध्ये लिलाव झाला. व्हँकूव्हरचा रेलिक स्टुडिओ सेगाने २ कोटी ६६ लाख डॉलरला घेतला. 'होमवर्ल्ड' या खेळाचं नाव एप्रिलमध्ये १३ लाख ५० हजार डॉलरला गेलं. ऑस्टिनच्या विजिल गेम्सला मात्र कोणी बोलीच लावली नाही, तिथली माणसं घरी गेली. पण त्यांनी बनवलेल्या 'डार्कसायडर्स'चं नाव तीन महिन्यांनी विकलं गेलं. नावाला गिऱ्हाईक मिळालं, नाव कमावणाऱ्यांना मिळालं नाही. मी ते वाचलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि पलीकडच्या खोलीत बाबा जागेच होते, खाटेचा आवाज येत होता.

हे त्याआधीही झालेलं होतं. सिड मायर यांच्या 'सिव्हिलायझेशन'चं नाव मायक्रोप्रोजकडून हॅस्ब्रोकडे, तिथून इन्फोग्रामकडे गेलं आणि २००४मध्ये टेक-टू या कंपनीने ते २ कोटी २३ लाख डॉलरला घेतलं. 'हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक' तर थ्रीडीओ कंपनी २००३मध्ये बुडाली तेव्हा अवघ्या १३ लाख डॉलरला युबिसॉफ्टकडे गेलं. एखाद्या गावातल्या देवळाची मूर्ती पेटीत घालून या मालकाकडून त्या मालकाकडे पोहोचवावी तसं मला ते वाटतं. खेळणारे नव्या जागी जाऊन हात जोडतात. खाणींचंही तेच झालं. लीज रद्द झाली, लिलाव झाले, काही खाणी आता पुन्हा सुरूही झाल्या आहेत. डोंगर जागेवर होता, तो कोणाच्या तरी नावावर चढला. ट्रकवाले त्या कागदात कुठेच नव्हते.

बाबांचा ट्रक २०१३च्या मे महिन्यात गेला. हप्ते थकले होते. घाटावरून एक गिऱ्हाईक आलं, बरोबर पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा. बाबांनी पहाटे उठून ट्रक धुतला होता. हौद्याच्या सांध्यांतली तांबडी माती खिळ्याने खरवडून काढली, काचा वर्तमानपत्राने पुसल्या. मी म्हटलं, "आता कशाला?" ते बोलले नाहीत. व्यवहार झाला, चहा झाला. मग तो मुलगा थिनरची बाटली आणि फडकं घेऊन दाराशी गेला आणि निळी अक्षरं पुसायला लागला. आधी आडनाव गेलं. निळा रंग फडक्यावर, मनगटावर, खाली पायरीवर ओघळला. 'श्री दत्तगुरू प्रसन्न' मात्र त्याने ठेवलं, मालकाने सांगितलं होतं तसं. बाबा बघत उभे होते, दोन्ही हात पाठीमागे. ट्रक वळणाआड गेल्यावर ते पायरीजवळ वाकले आणि तो निळा ओघळ पायाने पुसायला लागले. तो गेला नाही. पुढचे दोन पावसाळे तो तिथे होता.

चुलतभाऊ त्या वेळी शेजारी उभा होता. बारावी होऊन पुण्याला ॲनिमेशन शिकत होता, सुट्टीला आला होता. काकांना ते शिक्षण पसंत नव्हतं. त्या दिवसानंतर त्यांनी विरोध सोडला. म्हणाले, संगणकावरच्या कामाला कोर्ट काय करणार.

कोर्टाने काही केलं नाही. कोरोनाच्या दोन वर्षांत जग घरात बसलं, खेळांची विक्री फुगली आणि पब्लिशरांना वाटलं की हे असंच चालणार. माणसं भरली, स्टुडिओ विकत घेतले. २०२२मध्ये व्याजदर चढले. पैसा महाग झाला, माणसं पुन्हा घराबाहेर पडली. स्वीडनच्या एम्ब्रेसर या समूहाची गोष्ट तर मी पतसंस्थेतल्या नव्या मुलांना सांगतो. टीएचक्यूच्या लिलावात उरलंसुरलं वेचणारी जी छोटी कंपनी होती, तिने पुढे टीएचक्यूचं नावच विकत घेतलं, वाढत वाढत एम्ब्रेसर झाली आणि ओळीने स्टुडिओ घेत सुटली. २०२३च्या मे महिन्यात दोन अब्ज डॉलरचा एक ठरत आलेला व्यवहार मोडला आणि महिन्याभरात कपात सुरू झाली. त्याच मे महिन्यात सेगाच्या रेलिकने १२१ माणसं कमी केली. तोच रेलिक, जो लिलावातून वाचला होता आणि ज्याने पुढे मायक्रोसॉफ्टसाठी 'एज ऑफ एम्पायर्स'चा चौथा भाग बनवला. २०२४मध्ये तो सेगापासून सुटून स्वतंत्र झाला. या सगळ्या लाटेचं शेवटचं पाणी पुण्यातल्या एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, आमच्या पोराच्या टेबलापाशी येऊन पोहोचलं.

तरी हे खेळ मरत नाहीत. याचा मला फार आधार वाटतो. स्वीडनच्याच पॅराडॉक्सने ही गोष्ट ओळखली, की हा खेळणारा माणूस एकदा आला की जात नाही. त्यांनी २०१३मध्ये काढलेल्या 'युरोपा युनिव्हर्सालिस'च्या चौथ्या भागाला दहा वर्षांहून जास्त काळ नवनवे भाग जोडत नेले. दुकानाच्या फळीवरचा डबा गेला आणि खेळ इंटरनेटवरून मिळायला लागला, तेव्हा माडाचा नारळ दर महिन्याला उतरवता यायला लागला. आणि आमचा १९९९चा खेळ? बनवणारे पांगले होते, मालकाचं लक्ष नव्हतं. तेव्हा काही चाहत्यांनी स्वतःच्या वेळात, एक पैसा न घेता त्याला नवे देश जोडले. मायक्रोसॉफ्टने २०१३मध्ये तेच काम अधिकृत करून विकायला काढलं. त्याच मंडळींच्या हातून २०१५च्या भागात पोर्तुगीज आले आणि त्यांच्याबरोबर फेयतोरिया. आता तर त्यात बंगाली आहेत, गुर्जर आहेत, द्रविड आहेत. फुकटच्या सीडीवर आम्ही तो खेळ सहा वर्षं खेळलो, बनवणाऱ्यांच्या हातात आमच्याकडून एक रुपया गेला नाही. पहिल्या पगारातून चुलतभावाने तो विकत घेतला, एक माझ्यासाठी आणि एक स्वतःसाठी. तोवर डॅलसच्या त्या दारावरची पाटी उतरून बरीच वर्षं झाली होती. ही खंत माझ्या मनातून जात नाही, आणि जावी असंही मला वाटत नाही.

फेयतोरिया म्हणजे वखार. गोव्यात वाढलेल्या माणसाला तो शब्द कळायला शब्दकोश लागत नाही. खेळातली ही वखार एकदा बांधली की लाकूड, धान्य, सोनं, दगड सगळं आपोआप देत राहते. कोणाला कुदळ मारावी लागत नाही, काही संपत नाही. फक्त खेळात ठेवता येणाऱ्या ठरावीक माणसांपैकी वीस जणांची जागा ती उभी असेपर्यंत तिच्यापायी जाते. हे खेळाचे नियम लिहिणाऱ्याने नुसता तोल साधायला केलं असणार. पण त्या रात्री चुलतभावाने ज्या आवाजात ते सांगितलं, त्यानंतर मला त्या इमारतीत माणसं दिसायला लागली आहेत.

विसर्जनाच्या दिवशी सकाळी माटोळी सोडवायला तो शिडीवर चढला होता. सुपारीचा घड खाली देता देता मला म्हणाला, अटारी कंपनी पूर्वी बनवणाऱ्यांची नावंच द्यायची नाही. तेव्हा वॉरेन रॉबिनेट नावाच्या माणसाने 'ॲडव्हेंचर' या खेळात एक गुप्त खोली केली आणि तिच्या आत आपलं नाव लिहून ठेवलं. कंपनीला पत्ता नव्हता. १९८०मध्ये एका पंधरा वर्षांच्या मुलाला ती खोली सापडली. मी विचारलं, "तू केलीस का अशी खोली?" तो शिडीवरच थांबला. म्हणाला, "खोली नाही करता येत आता. सगळं तपासतात." मग खाली उतरला, हात पुसले आणि लॅपटॉप घेऊन आला. यादी नाही उघडली. सरळ खेळ उघडला. बंदराचं गाव, नदी, नदीवर एक लांबट वखार. तो बाण फिरवत जवळ जवळ जात राहिला, इतका की पडद्यावर नुसतं छप्पर उरलं. नळ्यांचं, गोल कौलांचं छप्पर, आमच्या मागच्या पडवीला आहे तसं, दोन ओळींच्या मध्ये शेवाळ.

बाबा पाठीमागे येऊन उभे राहिले होते ते आम्हांला कळलंच नाही. चष्मा कपाळावरून खाली ओढून ते बराच वेळ बघत राहिले. मग वाकून बोट पडद्याला टेकवलं.

"हा नळा निसटलाय."

तिसऱ्या ओळीत, डावीकडून पाचवा. इतरांपेक्षा जरासा तिरका, खालचं टोक हवेत. आमच्या मागच्या पडवीवर माकडांनी तो तसा केला होता, चुलतभाऊ चौथी-पाचवीत असेल तेव्हा. दर मे महिन्यात नळे परतताना बाबा तो सरळ करायचे आणि पावसाळा संपेपर्यंत तो पुन्हा तिरका व्हायचा.

"इथून पाणी येणार," बाबा म्हणाले.

"येऊ दे मोठेकाका," तो म्हणाला. "तो मीच तसा ठेवलाय."

बाबांनी बोट काढलं नाही.